आधी श्वास की आधी हृदय?

१८८९ सालच्या अखेरीस हैदराबादहून लंडनला एक तार गेली. पाठवणारे डॉ. टॉमस लॉडर ब्रंटन हे त्या काळचे नावाजलेले औषधशास्त्रज्ञ होते, आणि तार 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकासाठी होती. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून ४९० प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांपैकी १२० प्राण्यांचा रक्तदाब यंत्राने मोजला. सगळ्या आलेखांची छायाचित्रे घेतली, असे तीत कळवले होते. पुढे निष्कर्ष होता. क्लोरोफॉर्मचा धोका गुदमरण्यात आहे किंवा मात्रा जास्त होण्यात आहे. थेट हृदयाला त्याच्यापासून मुळीच धोका नाही.

प्राण्यांच्या या यादीत ससा शेवटी येतो. एकूण ससे किती, हेही तार सांगत नाही. तरीही या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सारखे वाटत आले आहे, की ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्या उत्तराचा एक धागा याच शेवटच्या प्राण्याकडे होता.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा या तारेशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे शिरड शहापूर आज हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे. १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ज्या खजिन्यातून या प्रयोगांचा खर्च झाला, त्या खजिन्यात आमच्या काळ्या रानाचा महसूलही जात होता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच्या आठ वर्षे आधी त्याच जुळ्या शहरांत झालेले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही. भेटलेच, तर निजामाच्या औदार्याची एक आख्यायिका म्हणून भेटते. ते त्याहून जास्त गुंतागुंतीचे आहे.

प्रश्न जुना होता. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरात आणले. ईथरपेक्षा ते गोड वासाचे, थोडक्यात काम भागवणारे आणि न पेटणारे होते. महिन्या-दोन महिन्यांत ते युरोपभर पसरले, १८४८ च्या जानेवारीत कलकत्त्यालाही पोचले. त्याच जानेवारीच्या २८ तारखेला इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मेली. नखासाठी जीव गेला. भूल सुरू होऊन मिनिटे झाली असतील-नसतील. मुलगी का मेली, यावर वाद पेटला तो पुढची साठ वर्षे विझला नाही.

एक पक्ष लंडनच्या जॉन स्नो यांचा. कॉलऱ्याच्या साथीतल्या पंपामुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा रोजचा व्यवसाय भूल देण्याचा होता. स्नो यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मोजमाप केले. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा चार-पाच असेल तर प्राण्याचा श्वास आधी थांबतो आणि हृदय काही काळ चालू राहते. वाफ शेकडा आठ-दहावर गेली तर हृदयच एकाएकी बंद पडू शकते. म्हणून त्यांचे सांगणे एकच: वाफ मोजून द्या. क्लोरोफॉर्म ६१ अंश सेल्सियसला उकळते. हवा जितकी गरम, तितकी त्याची वाफ जास्त. फडक्यावर ओतलेल्या थेंबांतून रोग्याच्या नाकात किती गेले, हे कोणाला सांगता येणार? स्नोनंतर जोसेफ क्लोव्हर यांनी १८६२ मध्ये एक मोठी पिशवीच पाठीवर घेतली. तीत हवा आणि क्लोरोफॉर्म यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण भरलेले असे.

दुसरा पक्ष एडिंबरोचा. तिथे सिम्पसन आणि शल्यविशारद जेम्स साइम यांची शिकवण सोपी होती. फडके घ्या, क्लोरोफॉर्म शिंपडा, आणि नाडी सोडून श्वासाकडे पाहा. श्वास नीट असेपर्यंत रोगी सुरक्षित. यंत्र नको, मोजमाप नको.

वादात भर पडली ती ग्लासगोच्या समितीने. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या मॅकेन्ड्रिक, कोट्स आणि न्यूमन यांनी १८८० च्या सुमारास बेडूक, ससे आणि कुत्री यांच्यावर प्रयोग करून सांगितले, की क्लोरोफॉर्मने रक्तदाब उतरतो आणि हृदयावरही आघात होतो. म्हणजे एडिंबरोची शिकवण अपुरी ठरली.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे साइम यांचे शिष्य. गुरूची शिकवण खोटी ठरते हे त्यांना मान्य होणारे नव्हते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्याकडे होती, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारची त्यांच्यावर मर्जी होती. १८८८ मध्ये पहिले कमिशन बसले. त्यात पॅट्रिक हेहिर आणि त्यांचे सहकारी होते. शंभराहून अधिक गावठी कुत्र्यांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष आला: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. 'लॅन्सेट'ने शंका घेतली. एवढ्या लोकांचा अनुभव याच्या उलट असताना हैदराबादच्या कुत्र्यांवर विसंबायचे कसे?

यावर निजाम सरकारने जे केले, ते त्या काळात विरळाच. सरकारने 'लॅन्सेट'ला हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमच्या पसंतीचा माणूस पाठवा, तो स्वतः प्रयोग पाहील. 'लॅन्सेट'ने ब्रंटन यांना निवडले. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ मध्ये दाखवणारे हेच ब्रंटन. ते लॉरींच्या पक्षाचे नव्हते. क्लोरोफॉर्म हृदयाला धोका करते, असेच त्यांचे मत होते. १८८९ च्या ऑक्टोबरात ते हैदराबादला आले. लॉरी, बॉमफोर्ड आणि रुस्तमजी हकीम यांच्यासोबत त्यांनी डिसेंबरपर्यंत काम केले. आणि त्यांचे मत पालटले. आरंभी सांगितलेली तार ही त्या मतपरिवर्तनाची तार आहे. अहवाल १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला; पुढे १८९१ मध्ये तो मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात पुस्तकरूपाने छापला गेला.

या काळाची एक ठेव वेगळी नोंदवली पाहिजे. लॉरींच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि हैदराबादच्या रुग्णालयांत त्यांनी वर्षानुवर्षे भूल देण्याचे काम केले. पुढचे शिक्षण घ्यायला त्या एडिंबरोलाही गेल्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. विलायतेत बायकांना वैद्यकीय शाळेचे दार ठोठवावे लागत होते त्या दिवसांत ही गोष्ट दख्खनमध्ये घडली.

आता प्रयोगांकडे. कमिशनने क्लोरोफॉर्म दिले कसे, हे पाहणे सगळ्यांत महत्त्वाचे. हैदराबादची पद्धत म्हणजे उघडी टोपी. शंकूच्या आकाराची टोपी, टोकाशी थोडा कापूस, कापसावर क्लोरोफॉर्म. टोपी तोंडापुढे धरायची, हवा मोकळी येऊ द्यायची. श्वासाला अडथळा होणार नाही अशी कोणतीही पद्धत चालेल, आणि श्वासावरची नजर क्षणभरही हटवायची नाही, असे कमिशनने बजावले. प्रयोगांत बहुधा मात्रा वाढवत नेत, श्वास थांबला की वेळ नोंदवत, मग हृदय थांबले की ती वेळ नोंदवत. श्वास बहुतेक वेळा आधी थांबला. आलेख खरे होते, छायाचित्रे खरी होती, माणसे प्रामाणिक होती.

पण प्रयोगाची मांडणीच अशी, की मात्रा जास्त करत गेल्यावर काय होते, एवढेच तो सांगू शकतो. विहिरीत बुडून मेलेल्यांचीच चौकशी केली तर पाणीच वाईट ठरणार. काठावरून पाय घसरून दगडावर आपटलेल्याची नोंद त्या चौकशीत येतच नाही. हॅना ग्रीनर खोल भुलीत मेली नव्हती. ती भुलीच्या उंबरठ्यावर होती. दवाखान्यांतले बरेचसे अकस्मात मृत्यू असेच होते: रोगी घाबरलेला, धडपडणारा, भूल अर्धवट चढलेली, आणि नाडी एकाएकी गायब.

इथे सशाकडे वळू. १८७० मध्ये व्हिएन्नात क्रॅट्श्मर नावाच्या संशोधकाने सशाच्या नाकात तंबाखूचा धूर किंवा क्लोरोफॉर्मची वाफ सोडून पाहिली. ससा ताबडतोब श्वास रोखतो आणि त्याचे हृदय मंद होते. वाफ अजून फुप्फुसात उतरलेलीही नसते. नाकातल्या मज्जातंतूंनीच ही आज्ञा पाठवलेली असते. श्वासनलिकेत नळी घालून तीच वाफ थेट आत सोडली, की नाकाचा हा खेळ टळतो. म्हणजे औषध तेच, प्राणी तोच. नुसता मार्ग बदलला की परिणाम बदलला. हृदय मंद होणे हे संकट नसून संरक्षण आहे, असा अर्थ हैदराबादच्या अहवालाने लावला. हृदय मंद चालले म्हणजे विषारी रक्त शरीरात फिरण्याची गतीही कमी, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही, अर्धा आहे. श्वास रोखून धरलेला ससा अखेर दीर्घ श्वास घेतो. त्या वेळी टोपी नाकापुढेच असेल, तर एका घोटात मोठी मात्रा आत जाते. धोका औषधाच्या सरासरी मात्रेत नसतो, या चढउतारात असतो.

हैदराबादच्या निष्कर्षाला पहिला जोरदार धक्का १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी दिला. त्यांनी प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त पुरवण्याची सोय केली. क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला पोचले, तर रक्तदाब उतरला नाही. हृदयाला पोचले, तर उतरला. हृदयाला थेट काही होत नाही, हे विधान मागे पडले. खरी गाठ सुटली १९११ मध्ये. गुडमन लेव्ही यांनी मांजरांना अगदी हलकी भूल दिली, वाफ फार कमी ठेवली आणि त्या स्थितीत ॲड्रिनलिन टोचले. हृदयाच्या कप्प्यांचे आकुंचन विसकटले, नुसती थरथर उरली, आणि प्राणी मेला. खोल भुलीत हेच केले तर प्राणी वाचे. क्लोरोफॉर्म मध्येच काढून पुन्हा सुरू करण्यातही हाच धोका असल्याचे त्यांना दिसले. भीतीने माणसाच्या शरीरात ॲड्रिनलिन आपणहून वाढते. पंधरा वर्षांची घाबरलेली मुलगी का मेली, याचा पटण्याजोगा खुलासा त्रेसष्ट वर्षांनी मिळाला.

म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते. मात्रा चढत गेली की श्वास आधी जातो, हे हैदराबादने दाखवले. मात्रा हलकी आणि अस्थिर राहिली की हृदय आधी जाते, हे लेव्हींनी. वाद 'औषध कोणाला मारते' असा मांडला गेला. तो 'भूल कशी दिली आणि कशी टिकवली' असा मांडला असता तर पुष्कळ लवकर मिटला असता. स्नो हेच सांगत होते.

मग हैदराबाद कमिशन फसले म्हणायचे का? माझ्या मते तसे म्हणणे अन्याय होईल, आणि त्याचा नुसता जयघोष करणे हाही अन्यायच. 'हृदयाला धोका नाही' या ठाम वाक्याने अनेक डॉक्टरांना खोटा धीर दिला, हे मान्य करावे लागते. श्वासाकडे पाहा, हवेची वाट मोकळी ठेवा, श्वास थांबला तर ताबडतोब कृत्रिम श्वास द्या, हा त्याचा व्यावहारिक उपदेश मात्र आजही एका शब्दाने खोडता येत नाही. यंत्र नसलेल्या गावातल्या डॉक्टरला तोच उपयोगाचा होता. निष्कर्षाचा सिद्धांत चुकला तरी सवय बरोबर लागली, असे विज्ञानात घडते.

आपल्याकडे क्लोरोफॉर्म दीर्घकाळ टिकले त्याचे कारणही व्यवहारातच आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे अपेंडिक्सचे ऑपरेशन केले. भूल क्लोरोफॉर्मची होती. मध्येच वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. खोलीत ईथर असते तर त्या कंदिलाने भडका उडण्याची भीती होती. ज्योतीजवळ क्लोरोफॉर्मच्या वाफेतून विषारी वायू निघतो, पण ती पेट घेत नाही. लहानशी बाटली, एक फडके आणि सावध माणूस एवढ्यावर भागणारे औषध या देशाला सोयीचे होते.

आज क्लोरोफॉर्म गेले. हॅलोथेन १९५६ पासून रुग्णांवर वापरात आले. तेही ॲड्रिनलिनच्या बाबतीत थोडे तसेच खोडकर निघाले. आता आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन आहेत. माणसाच्या बाबतीत जुना वाद संग्रहालयात जमा झाला. सशाच्या बाबतीत तो संपलेला नाही, आणि म्हणूनच ही जुनी गोष्ट आज पुन्हा सांगावीशी वाटते.

ब्रिटनमधल्या ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिल्यावर दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत शेकडा ०.१७, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ निघाले. म्हणजे साधारण बहात्तर सशांमागे एक. औषध बहुतांशी तेच असताना हा फरक का? उत्तराचा मोठा भाग सशाच्या तोंडात आणि नाकात आहे. त्याचे तोंड अरुंद, जीभ लांब, पुढचे दात मोठे. घशातली वाट डोळ्यांनी दिसत नाही. तो श्वास नाकानेच घेतो. आणि आयसोफ्लुरेनचा वास आला की आजचा ससाही क्रॅट्श्मरच्या सशासारखाच श्वास रोखतो, कधी मिनिटभर तर कधी त्याहून जास्त, आणि त्याचे हृदय मंद होते.

सशाची भूल टिकवण्याचे आज तीन मार्ग आहेत. पहिला मास्क, म्हणजे नाकातोंडावर बसणारी टोपी. हैदराबादच्या टोपीची नात म्हणा. लावायला सोपी, पण कडेने वायू गळतो, तो भूल देणाऱ्याच्याही नाकात जातो. मास्कच्या पोकळीत सोडलेला श्वास परत आत ओढला जातो, आणि ससा श्वास घ्यायचा थांबला तर बाहेरून नीट श्वास देता येत नाही. दुसरा मार्ग श्वासनलिकेत घातलेली नळी. हवेची वाट सगळ्यांत खात्रीची, श्वास देता येतो, सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. पण नळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, घालायची बहुधा अंदाजाने, श्वासाचा आवाज ऐकत. दोन-चार वेळा फसली की घसा सुजतो. तिसरा मार्ग कंठाच्या तोंडावर बसवायचे, सशाच्याच घशाच्या आकाराचे मऊ साधन. ते चटकन बसते; मात्र मान हलली की सरकू शकते, जिभेवर दाब आला की जीभ निळी पडू शकते, आणि जोराने श्वास दिला तर हवा पोटात जाण्याची भीती असते.

म्हणून तीनांपैकी सर्वांत चांगला मार्ग कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. पाच मिनिटांच्या कामाला मास्क पुरतो. तासाभराच्या ऑपरेशनला हवेची वाट ताब्यात असलेली बरी, आणि नळी की साधन, हे करणाऱ्याच्या हातावर ठरते. आधी गुंगीचे इंजेक्शन देऊन सशाची भीती घालवली, मग वायू हळूहळू वाढवला, तर श्वास रोखण्याचा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो. त्या ब्रिटिश अभ्यासात दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून अधिक ऑपरेशन आटोपल्यावर दगावले होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डोळे उघडले म्हणजे काम झाले असे नाही. ऊब, श्वास आणि पुन्हा चारा खाणे, इथपर्यंत पहारा हवा.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. १८७६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवाना लागत असे. तो कायदा हैदराबादला लागू नव्हता. एवढे प्राणी एवढ्या थोड्या दिवसांत वापरता आले, त्यामागे हेही होते. आमच्या गावात भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. मुंगीही चुकवून चालणारी माणसे तिथे लांबून येतात. त्यांच्यातल्या कोणाला ४९० हा आकडा सांगितला तर तो पहिल्यांदा कोणता प्रश्न विचारील, हे सांगायला नको. स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला, आणि त्याच कायद्यानुसार प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ मध्ये नेमली गेली. आज कोणत्याही प्रयोगशाळेला प्राणी किती आणि कशासाठी, हे आधी सांगावे लागते. हा नियम भावनेपोटी आला असे कोणी म्हणेल. मला तो शास्त्राच्या बाजूचाही वाटतो. हैदराबादला प्राण्यांचा तुटवडा नव्हता, पैशाचा नव्हता, प्रामाणिकपणाचाही नव्हता. तुटवडा होता तो दुसऱ्या रीतीने विचारलेल्या प्रश्नाचा. लेव्हींच्या प्रयोगाची ताकद मांजरांच्या संख्येत नव्हती. सगळे जण भूल खोल करत असताना त्यांनी ती हलकी ठेवून पाहिली, यात होती.

परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या याच मुलखातली मुले तिथे जनावरांना भूल द्यायला शिकतात. क्लोरोफॉर्म कमिशनचा इतिहास त्यांना एक तासभर शिकवावा असे मला वाटते. गौरवगाथा म्हणून नको, आणि फजितीची कथा म्हणूनही नको. हजार पौंड देऊन विरोधकालाच बोलावणाऱ्या राज्याचे मोठेपण त्यात आहे, आणि खरे आलेखसुद्धा अर्धे सत्य सांगू शकतात हा धडाही आहे. श्वासाकडे पाहा, एवढे हैदराबादने शिकवले. श्वास कोणत्या वाटेने चालला आहे आणि किती स्थिर आहे, हेही पाहा, हे टेबलावरचा ससा अजून शिकवतो आहे.